सुरगाणा-पेठला नागलीचे लाडू वाटून कुपोषण जाईल का?

गंगापूररोडकर: रविवारी आमच्या ग्रुपने पेठकडच्या एका पाड्यावर नागलीचे (नाचणीचे) लाडू वाटले. वाईट वाटलं. पोरांच्या हातात पाच रुपयांची पाकिटं आणि घरात रेशनचा पांढरा भात. नागलीत दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम, पण या लोकांना स्वतःच्याच अन्नाची किंमत नाही. आजी खायची ते खा, निम्मं कुपोषण जाईल. कमी आहे ती जागृती.

डोंगरची_पोर: दादा, नागलीचं ज्ञान सुरगाण्याला द्यायला नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवरून यायचं म्हणजे कमालच झाली. माझ्या आजीने राब भाजून (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून), भर पावसात उतारावर वाकून आवणी, म्हणजे रोपांची लावणी केलीय. पिकतं थोडं, आणि तेल-मीठ-दवाखान्यापायी त्यातलं बरंच बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याच्या मापात जातं. २०२५-२६ ला हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे म्हणे. आमच्याकडे त्या भावाने घेणारा माणूस दाखवा, मीच लाडू वाटते. तुम्ही मॉलमधून नागलीची बिस्किटं आणता, आमच्या घरी माणशी ५ किलो धान्य फुकट येतं. चुलीवर काय चढणार?

आणि तुम्ही गेलात कधी? दिवाळीनंतर अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर असतो. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मग खुडा, म्हणजे तोडणी. सरकारची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे: गरोदर बाईला गरम जेवण, लेकराला आठवड्यातून चार दिवस अंडं नाहीतर केळी. ताट पाड्यावरच्या अंगणवाडीत, बाई द्राक्षाच्या मांडवाखाली. जागृती करून ताट तिथवर चालत जाणार आहे का?

बागवाला_निफाड: आला का शेवटी दोष बागायतदारावर! मजुराला उचल (आगाऊ पैसे) आम्ही द्यायची, खोली आम्ही द्यायची, लाईटबिल आमचं. ऐन खुड्यात अवकाळी आला की मणी तडकतात, तेव्हा आमच्या पोरांना कोण लाडू वाटतं?

डोंगरची_पोर: तुमचं पोर बांधावर झोळीत झोपतं का, भाऊ?

सिडकोची_आई: रेशनवरून आठवलं. त्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे असतात! आमच्या मावशींनी दाखवले, पाण्यावर तरंगतात. यावर कुणी बोलत नाही.

गोळ्याऔषधं: ताई, कृपा करा. ते फोर्टिफाइड दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड, बी-१२ घालून दाण्याच्या आकारात पाडतात आणि साधारण शंभराला एक मिसळतात. प्लॅस्टिक कुठलं आलंय? शिकलेले लोक असल्या अफवा पसरवतात म्हणून तर बायांचं रक्त वाढत नाही.

सिडकोची_आई: आवाज खाली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पेठफाटा: तुम्ही दोघं भांडा, पण एक सांगा. तो तांदूळ गावात आला तेव्हा कुणी काही सांगितलं? दुकानदाराला विचारलं तर ‘वरून असंच आलंय’. माझ्या आईने वर्षभर सुपात निवडून ते दाणे कोंबड्यांना घातले. सरकारने लोह दिलं आणि अंगात गेलं कोंबडीच्या. 😀 बरं, पाकिटावर थॅलेसेमिया, सिकलसेल असे रक्ताचे आजार असणाऱ्यांसाठी इशारा छापायचा नियम होता. सिकलसेल आमच्याच पट्ट्यात, आणि आम्हाला तांदूळ मिळतो पोत्यातून सुटा मापून. इशारा वाचायचा कुणी, हमालाने?

गोळ्याऔषधं: सांगायला हवं होतं, हे खरं. तरी निवडून टाकणं चूकच.

पेठफाटा: उपकार झाले, साहेब.

गंगापूररोडकर: विषय लाडवांचा होता. हमीभावाचं मान्य, चला. पण लाडू खाऊन कुणाचं वाईट झालं का? काही न करणाऱ्यांनी करणाऱ्याला शहाणपण शिकवायचं, ही आपली जुनीच रीत.

डोंगरची_पोर: वाईट नाही झालं. लाडवांपेक्षा फोटो जास्त दिसले, एवढंच.

सेविका_हरसूल_भाग: मी अंगणवाडी सेविका आहे. लाडू चांगला, एक दिवस पोर खूश. पण सॅमचं (अतितीव्र कुपोषित) बाळ पंधरा दिवसांत जरा वजन धरतं तोवर आई उचल फेडायला बाळ घेऊन निघते. एप्रिलमध्ये परत येतं ते काट्यावर ठेवायला हात होत नाही. वर पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये माहिती भरा, आणि रेंज शोधायला मी टेकडीवर. मानधनाचं बोलतच नाही, नाहीतर हा धागा संपायचा नाही. दादा, पैसे जमवताच आहात तर दिवाळीनंतर बागांवर अंडी पोचवा.

बागवाला_निफाड: माझ्याकडे शेड आहे, वापरा. पण युरोपच्या मालासाठी ग्लोबलगॅप या प्रमाणपत्राचं ऑडिट असतं. बागेत पोर दिसलं आणि ऑडिटरने बालमजुरी लिहिली तर कंटेनर कोण भरून देणार? म्हणून आम्ही त्या दिवशी पोरांना लांब पाठवतो.

डोंगरची_पोर: कुठे पाठवता, तेही लिहा की.

सेविका_हरसूल_भाग: भाऊ, शेड कुठल्या गावात आहे ते कळवा. तिथल्या सेविकेला आमच्या मुलांची यादी देते. बाहेरची मुलं तिच्या पटावर चढत नाहीत म्हणाली, तर दोघी मिळून पर्यवेक्षिका मॅडमकडे जाऊ. खुडा सुरू व्हायच्या आत सांगा.