मदत हवी आहे : खानापूर-बेळगाव भागात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मराठीतून सोबत देणारा गट

नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि बेळगावातील एका मराठी शाळेत शिकवते. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरात आम्ही सगळे आक्का म्हणतो, 52 वर्षांच्या आहेत. गेल्या कार्तिकात त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार सुरू आहेत आणि ते त्यांना मानवत आहेत, त्यामुळे त्याविषयी मला काही विचारायचे नाही. निदान होण्याआधी आमच्या हातून चार महिने निघून गेले, आणि तसे ते आमच्या भागातील दुसऱ्या कोणा बाईचे जाऊ नयेत एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

आक्कांना गाठ लागली ती श्रावणात, अंघोळ करताना. त्यांनी कोणाला सांगितले नाही. पुढे गणपती आले, मग दसरा, मग भाताची सुगी. सुगीच्या दिवसांत एका दुपारी मळणीवरून परतल्यावर त्यांनी मला चुलीपाशी बोलावले, माझा हात धरून पोलक्यावरूनच त्या जागी ठेवला आणि म्हणाल्या, "बघ गं, सुपारीएवढी हाय. दुखत न्हाई, मग कशाला दाखवायचं म्हटलं." बोटाखाली ती गाठ हलत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, हा समज आमच्या भागात किती खोलवर रुजला आहे ते मला त्या दुपारी कळले, कारण खरे सांगायचे तर माझाही समज तोच होता.

त्यानंतर आमची दुसरी चूक झाली. जवळच्या गावातील एका दवाखान्यात दाखवल्यावर तेथे सुईची तपासणी न करता, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) न काढता, जागा बधिर करून ती गाठ थेट काढण्यात आली. संमतीचा कागद कानडीत होता. आक्कांचे सातवीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले आहे; जो मजकूर त्यांना वाचता येत नव्हता त्याच्याखाली त्यांनी एकेक अक्षर लावत देवनागरीत सही केली. काढलेली गाठ एका लहान बरणीत घालून थोरल्या भावोजींच्या हाती देण्यात आली आणि बेळगावच्या लॅबमध्ये नेऊन द्या असे सांगण्यात आले. तोवर शेवटची बस गेली होती. ती बरणी कापडी पिशवीत घालून रात्रभर आमच्या लोखंडी कपाटावर ठेवलेली होती. बरणीतले औषध गाठ जेमतेम बुडेल इतकेच होते आणि वर चिकटवलेल्या कागदावरचे आक्कांचे नाव ओल लागून पसरले होते. कर्करोग आहे एवढे लॅबने सांगितले, पण पुढचे औषध ज्यावर ठरते त्या ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्यांचा (गाठ हार्मोनवर वा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढते का ते सांगणाऱ्या) निकाल त्या नमुन्यावरून भरवशाचा येईना. मोठ्या रुग्णालयात काखेतल्या गाठीतून सुईने पुन्हा तुकडा घ्यावा लागला आणि आणखी तीन आठवडे गेले.

आमच्याकडे रुग्णालयांची वाण आहे असे नाही. बेळगावात केएलईचे रुग्णालय पूर्वीपासून आहे आणि जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांच्या स्वतंत्र कॅन्सर रुग्णालयाचे उद्घाटनही झाले. जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय आहे, हुबळीला नवनगरचे कॅन्सर रुग्णालय आहे, मिरज, कोल्हापूर आणि गोव्यातील बांबोळीही फार दूर नाहीत. परंतु गाठ हाताला लागल्यापासून योग्य डॉक्टरांसमोर बसेपर्यंतची जी वाट आहे, तेथे आमच्या बायकांना कोणी सोबती नाही. भारतात 2022 या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आणि सुमारे 98 हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज मी वाचला, आणि यांतील किती जणींचे महिने आमच्यासारखेच कपाटावर पडून राहिले असतील हा विचार मनातून जात नाही.

म्हणून आम्ही सात-आठ जणी मिळून एक छोटा सोबत गट सुरू करण्याच्या विचारात आहोत. त्यात दोन आशा कार्यकर्त्या आहेत, स्त्रीशक्ती संघातल्या काही जणी आहेत आणि उपचार पूर्ण झालेली एक बाईही आहे. एखादीला गाठ लागली तर तिच्याबरोबर रुग्णालयात जाणे, कानडी आणि इंग्रजी कागद तिला मराठीत वाचून दाखवणे, सही कशावर करते आहे ते तिला समजले की नाही याची खात्री करणे आणि तिचे सर्व कागद एका पिशवीत नीट लावून ठेवणे, एवढेच काम सध्या डोळ्यांसमोर आहे.

त्यासाठी पुढील बाबतींत मदत हवी आहे. पहिली बाब पत्रकाची. आमच्या बोलीला जवळचे, मोठ्या अक्षरांतले मराठी पत्रक संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटायचे आहे. त्याच्या मागच्या बाजूला तोच मजकूर कानडीत छापावा असा माझा आग्रह आहे, कारण हा भाषेचा झगडा नव्हे, आणि आमच्या शेजारणींपैकी कितीतरी जणी घरी कानडीच बोलतात. दुसरी बाब पैशाची. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि इतरांना ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत मिळतात, येथवर आम्हाला माहीत आहे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना देण्याचे ठरवले आणि कर्नाटक शासनाने त्याला हरकत घेतली, हेही सर्वांना ठाऊक आहे. आमच्या भागातील कोणी त्या योजनेतून किमो किंवा शस्त्रक्रिया प्रत्यक्षात करून घेतली असेल तर कोणते कागद लागले ते कृपया सविस्तर लिहावे. राजकीय चर्चा येथे नको, ही कळकळीची विनंती.

तिसरी बाब मला सर्वांत अवघड वाटते. घरात लग्नाची मुलगी असली की आईचा आजार लपवला जातो. आमची बाई दारात दिसली की गावाला कळणार, मग आम्ही जायचे कसे?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, मी स्वतः या आजारातून गेलेली आहे. शस्त्रक्रियेला आता तीन वर्षे होतील. माझी आई विड्या वळायची आणि मीही वळत होते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न माझ्या घरात घडलेला आहे. माझ्याकडे कोणी गट म्हणून आले असते तर मी दार लावून घेतले असते. मात्र शेजारच्या गल्लीतील एक मावशी पापड लाटायला म्हणून आली, लाटता लाटता तिने पदर बाजूला करून स्वतःचा व्रण दाखवला आणि "मला अकरा वर्षं झाली" एवढेच बोलली. मी जिवंत माणूस पाहिले. त्याआधी या आजाराची मी ऐकलेली प्रत्येक बाई मेलेली होती. तुमच्यातली जी उपचार पूर्ण झालेली बाई आहे तिलाच पुढे धाडा, आणि कामाच्या निमित्ताने धाडा, भेटीच्या नव्हे. 1952 साली अमेरिकेत टेरेसे लॅसर नावाच्या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर असेच दुसऱ्या रुग्ण स्त्रियांना भेटणे सुरू केले आणि त्यातून रीच टू रिकव्हरी नावाचे काम जगभर पसरले, हे मला नंतर कळले. आमच्या मावशीला ते कुठले ठाऊक असणार.

भेटीला जाणाऱ्यांनी काही बोलणे टाळावे. "काय पाप केलं होतंस" असे कोणी उघड म्हणत नाही, पण "तुलाच कसं झालं" या वाक्याचा अर्थ तोच होतो. केस गेल्यावर माझ्याकडे बघून रडणाऱ्या बायकांना मलाच समजवावे लागले. त्यापेक्षा ज्या जावेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर 21 दिवसांनी माझ्या किमोच्या दिवशी लाल खूण केली आणि त्या दिवशीचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला, तिचे उपकार मी विसरणार नाही.

हाताकडेही लक्ष द्या. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात पुढे सुजू शकतो, आणि ते काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही होते. मला ते कोणी सांगितले नव्हते. बांगड्या चढेनात तेव्हा समजले. हाताचे व्यायाम लवकर शिकवून घ्यावेत, आणि त्या हाताला भाजले-कापले किंवा तो लाल होऊन ताप आला तर थांबू नये.

तुमच्या ओळखीत विडी कामगार स्त्रिया असतील तर त्यांचे ओळखपत्र आधी पाहा. विडी कामगारांसाठी केंद्र सरकारच्या कामगार कल्याण खात्याची आरोग्य मदत आहे आणि तीत कर्करोगाचा समावेश आहे. उपचार सुरू होण्याआधी त्यांच्या दवाखान्यात जाऊन विचारलेले बरे, कारण मागाहून बिले नेली की धावपळ फार होते.

प्रतिसाद, मिरजेहून

मी निवृत्त परिचारिका आहे आणि माझी बरीच वर्षे कर्करोगाच्या वॉर्डात गेली. बरणीचा प्रसंग वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंनी अशा बरण्या येताना मी पाहिल्या आहेत.

आपल्या पत्रकात एकच गोष्ट ठळक छापायची असेल तर ती ही छापा : गाठ काढण्याआधी सुईने तुकडा घेऊन तपासणी. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही भीती लोकांत फार आहे आणि ती खरी नाही. डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईचा तुकडा, या क्रमाने गेले म्हणजे शस्त्रक्रिया आधी की किमो आधी, स्तन वाचवता येईल की नाही, हे नीट ठरवता येते. गाठ आधीच काढून टाकली की मोठ्या डॉक्टरांनाही अंदाजाने चालावे लागते.

नमुना घरच्या माणसांच्या हाती द्यायची वेळ आलीच तर बरणी मोठी घ्यावी, फॉर्मेलिन (नमुना टिकवणारे औषध) भरपूर असावे, त्यात पाणी किंवा सलाईन नसावे, आणि ती त्याच दिवशी लॅबमध्ये पोहोचावी. तसेच एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : तपासलेल्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टाबरोबर तेही मागून घ्यावेत, म्हणजे ब्लॉक चांगला असेल तर त्यावरच चाचण्या होऊ शकतात.

आशा कार्यकर्त्या तुमच्यात आहेत हे फार चांगले झाले. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा 50 वर्षांवरील स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याहून कमी वयात तसा फरक आढळला नाही. म्हणजे नीट शिकलेल्या हातांचा उपयोग होतो, मॅमोग्राफीचे यंत्र गावात नसले तरी. सरकारी आरोग्य केंद्रातही 30 वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी होणे अपेक्षित आहे, तिची मागणी तुमच्या गटाने जरूर लावून धरावी.

आता थोडे कडक बोलते, राग मानू नका. सोबतिणीने औषध सुचवू नये, डॉक्टर बदलायला सांगू नये आणि "हमखास बरी होशील" असे वचन देऊ नये. तिने प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते डॉक्टरांना विचारण्याचे बळ रुग्णाला द्यावे. रुग्णाला वाट दाखवण्याच्या याच कामासाठी टाटा मेमोरियल आणि टाटा समाजविज्ञान संस्था मिळून केवट नावाचा अभ्यासक्रम चालवतात. तुमच्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला त्याची माहिती द्या.

मुंबईला जावे लागले तर रेल्वेची सवलत विसरू नका. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचे पूर्ण भाडे माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघींचे मनापासून आभार. पापड लाटण्याची गोष्ट मी आक्कांना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मला बरं वाटलं की मीच जाईन. शेवया करायला जाईन." तेव्हा आमच्या गटाला नववी बाई मिळाली आहे.

आम्ही ठरवले आहे की दारावर पाटी लावायची नाही आणि नावांची यादी कोणाच्या मोबाइलवर ठेवायची नाही. तपासणी शिकवण्यासाठी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कानडीतून अर्ज लिहिला आहे. त्यात 50 वर्षांवरील स्त्रियांचा मुद्दा मिरजेच्या ताईंनी सांगितला तसाच घातला आहे. लॅबमधून आक्कांचे ब्लॉक परवा मागून आणले. काडेपेटीएवढ्या त्या दोन मेणाच्या वड्यांसाठी आम्ही एवढे महिने घालवले असे वाटून गेले.

फुले योजनेविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, तो प्रश्न उभाच आहे. ज्यांनी प्रत्यक्ष लाभ घेतला आहे त्यांनीच लिहावे. शिवाय पत्रकाचा मराठी मजकूर तयार आहे, त्याचे सोपे, बोलीतले कानडी करून देणारे आणि ते एखाद्या कर्करोगतज्ज्ञाकडून तपासून घेऊ शकणारे कोणी हवे आहे. आक्कांचे चौथे किमो येत्या सोमवारी आहे, त्यामुळे मंगळवारपर्यंत माझ्याकडून उत्तरे उशिरा येतील.