मदत हवी आहे: ब्राझीलच्या सोयाबीनचा अंदाज कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरकडचे, घरात सोयाबीनची पोती अजून थप्पीलाच आहेत. विकावं की थांबावं, हे ठरत नाहीये. आडतीवर ज्याला विचारावं तो म्हणतो, "ब्राझीलचं पीक बघा." तिकडे पेरणी सप्टेंबरअखेर सुरू होते आणि जानेवारीपासून माल निघतो, एवढं कळलं.

अडचण आकड्यांची आहे. 2023-24 मध्ये एल निनोमुळे मातो ग्रोसो राज्यात पाऊस लांबला, पेरण्या मोडल्या. त्या हंगामाचं अख्ख्या ब्राझीलचं उत्पादन तिथली सरकारी संस्था कोनाब 147 दशलक्ष टनांच्या आसपास धरत होती आणि अमेरिकेचं कृषी खातं 150 च्या वर. एवढा फरक का पडतो? दोघांपैकी कोणाचा आकडा धरून चालावं?

दुसरं, मातो ग्रोसोत भरघोस पीक आणि दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये दुष्काळ, असं एकाच वर्षी घडलं तर एकूण अंदाजावर कशाचा जोर जास्त पडतो?

आपले भाव पेंडीच्या निर्यातीवरही हलतात, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय. कोणी दर महिन्याला हे अहवाल वाचत असेल तर कृपया सांगा, आधी कोणता रकाना बघता?