वर्णपट कळला म्हणजे आलेखाची सममिती कळली का?

फोंड्याचे शिक्षक (चर्चेचा आरंभ): पदव्युत्तर वर्गात बूलियन फलने (ज्यांची चले आणि मूल्ये फक्त ० किंवा १ असतात) शिकवताना मी यंदा आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे चित्र, काढणे जवळपास थांबवले आहे, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. क्ष१क्ष२ + क्ष३क्ष४ हे चार चलांचे फलन घ्या. बेरीज अर्थातच द्विमान पद्धतीची, म्हणजे १ + १ = ०. शून्य आणि एक यांच्या १६ चौकड्या हे शिरोबिंदू मानून, ज्या दोन चौकड्यांच्या बेरजेवर फलनाचे मूल्य १ येते त्या जोडल्या, की केली आलेख तयार होतो. त्याची आयगेन मूल्ये (कोण कोणाला जोडले आहे हे ० आणि १ ने नोंदवणाऱ्या मॅट्रिक्सची लाक्षणिक मूल्ये; ती सगळी मिळून आलेखाचा वर्णपट) फलनाच्या वॉल्श रूपांतरातून, म्हणजे फलनाची सर्व रेषीय फलनांशी तुलना करून, थेट मिळतात: ६ एकदा, २ सहा वेळा आणि −२ नऊ वेळा. कोणत्याही दोन शिरोबिंदूंना दोनच सामाईक शेजारी असतात, हेही त्यातूनच निघते. मग चित्रासाठी तास का खर्चावा?

म्हापशाच्या प्राध्यापिका: सर, इथेच माझा आक्षेप आहे. आपला आलेख म्हणजे चार बाय चार पटावरील हत्तीच्या चालींचा आलेख. माझ्या विद्यार्थ्यांनी तो आमच्या बाल्कावातील (घरापुढील ओसरीतील) लाद्यांवर खडूने आखला, तेव्हा एका घराचे सहा शेजारी आडवे तीन आणि उभे तीन अशा दोन त्रिकोणांत विभागलेले त्यांना लगेच दिसले. शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या आलेखाचा वर्णपट हाच आहे, पण तिथे सहा शेजाऱ्यांचा षट्कोन होतो. पहिल्याच्या सममिती (जोडण्या न बिघडवता शिरोबिंदूंची अदलाबदल करण्याचे प्रकार) ११५२, दुसऱ्याच्या १९२. हा फरक आयगेन मूल्ये सांगत नाहीत.

मडगावचा संशोधक: माझे मत सरांच्या बाजूने आहे. बूलियन फलनांच्या संवेदनशीलतेचा (एकेक चल बदलल्यास मूल्य किती वेळा बदलते याचा) प्रश्न गॉट्समन आणि लिनियल यांनी १९९२ मध्ये घनालेखावर, म्हणजे न मितींच्या घनाचे कोपरे आणि कडा यांच्या आलेखावर, आणून ठेवला, तरी तो २०१९ पर्यंत सुटला नाही. तेव्हा गणितज्ञ हाओ हुआंग यांनी घनाच्या कडांना अशी धन-ऋण चिन्हे दिली की जोडण्यांच्या मॅट्रिक्सचा वर्ग एकक मॅट्रिक्सच्या न पट झाला, आणि सगळी आयगेन मूल्ये ±√न वर आली. हे चित्राकडे पाहून सुचले नसते.

फोंड्याचे शिक्षक: मॅडम, श्रीखंडे यांचा आलेख चार चलांच्या बूलियन फलनातून येऊच शकत नाही. शून्य चौकडीचे अ आणि ब हे शेजारी एकमेकांना जोडलेले असतील, तर अ + ब हाही शून्याचा शेजारी ठरतो आणि तो त्या दोघांनाही जोडलेला असतो, म्हणजे शेजाऱ्यांत त्रिकोण येणारच. षट्कोनात तो नसतो. तेव्हा बूलियन फलनांच्या अभ्यासात हे उदाहरण लागू पडत नाही.

म्हापशाच्या प्राध्यापिका: सिद्धता सुंदर आहे, सर, आणि ती मी वर्गात अवश्य सांगेन. पण तिच्यात वॉल्श रूपांतर कुठेच आले नाही. शेजारी एकमेकांना कसे जोडले आहेत, एवढेच आपण पाहिलेत.