बाबांची सहाशे पुस्तकं आणि माझा वन बीएचके

वनबीएचके: बाबा गेले. गावचं घर विकतोय, त्यात त्यांची सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. माझा ठाण्यातला फ्लॅट वन बीएचके. बायको म्हणते, रद्दीत नकोत, पण इथेही नकोत. मी चार वर्षं किंडलवरच वाचतोय आणि कागदाचा वास वगैरे मला कधीच आठवत नाही. पुढची पिढी पडद्यावरच वाचणार, कपाटं ही फक्त आपली हौस. पटत नसेल तर भांडा.

जुनाबाजार: भांडतोच. किंडलवर तू पुस्तक विकत घेत नाहीस, वाचायची परवानगी घेतोस. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलचं '१९८४' लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, सगळं मान्य. पण रात्री घरात असलेलं पुस्तक सकाळी नाही! आणि तेही कुठलं, तर नकोसा मजकूर पुसून टाकणाऱ्या सरकारची गोष्ट. मायक्रोसॉफ्टने तर २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं अख्खं दुकान गुंडाळलं. तिथेही पैसे परत, पुस्तकं गायब. बाबांची पुस्तकं न मागता तुझ्याकडे आली. तुझी पोराला कशी देणार? मृत्युपत्रात पासवर्ड लिहून?

तेवीसकिलो: मेलबर्नहून लिहितेय. विमानात सामान २३ किलो. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. उरलेल्या जागेत दोन पुस्तकं, तीही पातळ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती मी शिकागो विद्यापीठाच्या साइटवर बघते. तो ठोकळा कोण उचलून आणणार होतं?

जुनाबाजार: कोशाचं सोडा हो ताई. कोशात आपण शोधतो, वाचत नाही.

तेवीसकिलो: माझी आई ७८ वर्षांची आहे. मोतीबिंदू काढल्यावरही बारीक टाइप तिला दिसेना, म्हणून वाचन सुटलं होतं. आता टॅबवर अक्षर बोराएवढं करून कादंबऱ्या वाचते. कोश नाही, कादंबऱ्या.

जुनाबाजार: बरं, आईंपुढे माघार. माझा पासवर्डाचा प्रश्न मात्र तसाच आहे.

खिळेजुळारी: पुस्तक ई-रूपात आहेच असं दोघंही धरून चाललाय. मी पंचवीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची जुळणी करतोय. किंडलवर मराठी रीतसर आलं २०१६च्या डिसेंबरात. त्याआधीच्या आमच्या बहुतेक फाइली श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत आणल्या की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे पहिल्या पानापासून पुन्हा प्रूफं. हजाराची आवृत्ती खपता खपत नाही, तो प्रकाशक हा खर्च कशाला करेल? आणि संगणकाआधी शिशाचे खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांची तर फाइलच नाही. त्यात सरकारचीही गंमत: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर ५ टक्के. वनबीएचके, त्या सहाशेतली किती मिळतात ते तरी शोधलंत का?

वनबीएचके: काल रात्री बसलो. एका फळीवरची चाळीस नावं टाकून पाहिली. नऊ मिळाली. दोन कथासंग्रहांचं तर नावसुद्धा कुठे दिसेना, आणि ते काही कोपऱ्यातल्या लेखकांचे नाहीत. हे अपेक्षित नव्हतं, कबूल करतो.

तेवीसकिलो: स्कॅन करून टाका ना!

खिळेजुळारी: लेखक जाऊन साठ वर्षं झाली असतील, तर खुशाल. नाहीतर वारसांना विचारा. वारस सापडणं हे स्कॅनिंगपेक्षा अवघड काम आहे, अनुभवाने सांगतो.

वनबीएचके: तर सध्या असं ठरलंय: एकतीस पुस्तकं दिवाणाखाली. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती नऊ मात्र रविवारी रद्दीवाला नेणार.

जुनाबाजार: रद्दीवाल्याला थांबव. नऊ मी नेतो. आणि बाकीच्या फळ्यांचं काय?