'पोर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

सायली_त: जुन्या घरगुती गेम-यंत्रांवरच्या, प्रौढांसाठीच्या खेळांवरचा एक जपानी लेख मराठीत आणतेय. 'इशोकु'पाशी अडलंय. एल्फ कंपनीचा 'दोक्यूसेई' 1992 मध्ये पीसी-98 या संगणकावर आला आणि नंतर पीसी इंजिन या गेम-यंत्रावर गेला. या नेण्याला इंग्रजीत पोर्ट आणि जपानीत इशोकु म्हणतात. मी 'रूपांतर' लिहिलं, तर मैत्रीण म्हणते, रूपांतर नाटकाचं होतं. काय वापरू?

भातखाचर: इशोकु म्हणजे रोप उपटून दुसरीकडे लावणं, अवयव प्रत्यारोपणालाही हाच शब्द. आमच्या रायगडात याला आवणी म्हणतात. राबातली, म्हणजे रोपवाटिकेतली, भाताची रोपं खणायची, मुठी बांधायच्या, चिखलात लावायच्या. चार दिवस रोप पिवळं पडतं, मग मूळ धरतं. खेळाचंही तसंच होतं, नव्या यंत्रावर आधी रुसतो. 'आवणी' लिहा.

वैनगंगा: भाऊ, आमच्या भंडाऱ्यात तिला रोवणी म्हणतात. आणि लातूरच्या वाचकाला दोन्ही कळणार नाहीत. सरळ 'पोर्ट' लिहा.

मुळाक्षर: सगळंच सरळ लिहायचं तर भाषांतर कशाला? 'यंत्रांतर' घ्या. भाषांतर, स्थलांतर, यंत्रांतर. ऐकताक्षणी कळतं.

सायली_त: यंत्रांतर आवडला. पण पुढे 'अनधिकृत' आहे, तिथे काय करू?

जुना_खेळगडी: ताई, 'चोरटी' मात्र लिहू नका. हॅकर इंटरनॅशनल ही कंपनी फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम-यंत्रासाठी चावट खेळ काढायची, पण निन्टेन्डोचा परवाना न घेता. त्या काही दुसऱ्याच्या खेळाच्या नकला नव्हत्या. त्यांना 'बिनपरवाना' म्हणा. नक्कल करून विकली ती चोरटी. या दोघांना एकाच शब्दात कोंबणं अन्यायाचं आहे.

मुळाक्षर: पटलं. आणि रूपांतर वेगळं, तेही सांगतो. पॅनेशियन कंपनीने अमेरिकेत 'बबल बाथ बेब्ज' आणला. पुढे त्यातल्या न्हाणाऱ्या बायकांच्या जलपऱ्या करून तोच खेळ 'मर्मेड्स ऑफ अटलांटिस' नावाने विकला गेला. यंत्र तेच, रूप बदललं. म्हणजे हे रूपांतर, यंत्रांतर नव्हे.

वैनगंगा: पण दोक्यूसेईतली उघडी दृश्यं यंत्र बदलताना कापली गेलीच ना? मग तिथे दोन्ही झालं. शब्द कोणता?

भातखाचर: रोवतानासुद्धा लांब रोपांचे शेंडे खुडतात. शब्द बदलत नाही.

जुना_खेळगडी: ताई, 'कॅसेट' मात्र लेखात राहू द्या. लहानपणी आम्ही सगळे गेमची कॅसेटच म्हणायचो. फुंकर मारून बसवायची, तरी पडदा करडा. पुढे एका शहाण्याने वर्गात दुरुस्त केलं, कॅसेट गाण्यांची असते, ही कार्ट्रिज. मी गप्प बसलो. जपानी मुलंही तिला 'कासेत्तो'च म्हणायची, हे मला चाळिशीत कळलं.

मुळाक्षर: तिकडे म्हणतात म्हणून आपल्याकडे बरोबर ठरतं का? 'खेळपेटी' म्हणा.

वैनगंगा: खेळपेटीत सागरगोटे असतात हो.

जुना_खेळगडी: सागरगोट्यांना आमची आई 'गजगे' म्हणायची. तुमच्याकडे?