मदत हवी आहे: .४४ मॅग्नमची मूठ बदलायची आहे, हात पार कामातून गेलाय

रावस
डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर आहे (एकदाच ट्रिगर ओढला की घोडा मागेही जातो आणि सुटतोही), .४४ मॅग्नम काडतुसाचं. शनिवारी रेंजवर नेलं. पहिल्या सहा बारांतच हात बधिर झाला. पुन्हा सहा भरल्या आणि तिसऱ्या बारानंतर खाली ठेवलं. आज मंगळवार, अजून दुधाचा गॅलन उचलताना कळ येते. रबरी मूठ ऑनलाइन मागवली तर ती चढतच नाही, अर्ध्यावर अडते. ती परत करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि पुढच्या शनिवारी आम्हाला निघायचंय. कुठली मूठ घ्यायची ते कृपया नाव घेऊन सांगा. नुसतं "रबरी घ्या" नको, रबरी मुठी डझनभर दिसताहेत.

लोखंडी
कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, नळी किती इंचांची? आणि मूठ काढल्यावर आतला लोखंडी सांगाडा खालून चौकोनी दिसतो की गोल? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पावलाचं माप न घेता चप्पल आणणं.

टेक्सासवाडी
मुठीच्या मागे लागू नका. माझ्याकडे रूगर सुपर रेडहॉक अलास्कन आहे, .४५४ कॅसूल. म्हणजे तुमच्यापेक्षा वरचढ काडतूस. त्यावर होग या मुठी बनवणाऱ्या कंपनीची टेमर मूठ आहे आणि मी एका बैठकीत पन्नास बार काढतो. तीच टेमर मागवा, प्रश्न मिटला.

लोखंडी
@टेक्सासवाडी, रूगरच्या त्या मॉडेलला मुठीच्या आत फक्त एक खुंटी असते, सगळा आकार रबरच देतं. स्मिथ अँड वेसनला पूर्ण धातूचा सांगाडा असतो, पुढची आणि मागची पट्टी धरून. एकाची मूठ दुसऱ्यावर चढत नाही. शिवाय तुमचं अलास्कन सव्वा किलोच्या घरात आहे. यांचं काय आहे तेच अजून माहीत नाही. आधीच एक चुकीची मूठ आली आहे, दुसरी नको.

रावस
स्मिथ अँड वेसनच आहे. ३२९पीडी. ४ इंचांहून थोडी जास्त नळी. जुनं घेतलंय, वर लाकडी मूठ आहे, मागची पट्टी उघडी. सांगाडा खालून गोल आहे. मागवलेल्या मुठीच्या पाकिटावर आत्ता पाहिलं, चौकोनी बुडासाठी असं छापलंय. तेव्हा लक्षात आलं नाही.

लोखंडी
३२९! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम, टायटॅनियमचं सिलिंडर, वजन सुमारे ७१० ग्रॅम. तेच काडतूस स्मिथच्याच पोलादी ६२९ मॉडेलमधून उडवलं तर हातात बाराशे ग्रॅमच्या आसपास वजन असतं. गोळी आणि दारू तीच, म्हणजे मागे येणारा संवेगही तोच. पण वजन कमी झालं की त्याच प्रमाणात धक्क्याची ऊर्जा वाढते. तुमच्या हातात ६२९ च्या दीडपटीहून जास्त येतेय. दिवसभर कमरेला बाळगायला ते हलकं केलंय. त्याची किंमत हात मोजतो.

आता सांगा, नेमकं कुठे दुखतंय? अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी, मधल्या बोटाचं पेर, की अंगठ्याचा सांधा? तिन्हींचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

निवांत
"निघायचंय" म्हणजे कुठे? अलास्कात अस्वलांसाठी घेतलं असेल तर माझं कळकळीचं सांगणं, बेअर स्प्रे घ्या. अलास्कातल्या प्रसंगांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा लागू पडला होता. नऊ बारांत हात बधिर होणारा माणूस अंगावर धावून येणाऱ्या अस्वलाला काय टिपणार?

रावस
स्प्रे आहे. दोन डबे आहेत. अलास्कातच, रशियन रिव्हरवर सॅमन मासे पकडायला जातोय, सहा वर्षं जातोय, दर वेळी स्प्रे छातीवर असतो. मागच्या वर्षी वारा समोरून होता आणि काठावर अस्वल होतं, तेव्हापासून दुसरं काही जवळ असावं असं वाटतंय. प्रश्न मुठीचा आहे.

दुखतंय बेचकीत, तिथे निळं पडलंय. आणि मधल्या बोटाच्या पेरावर, ट्रिगर गार्डच्या मागे.

पुणेरी_चष्मा
थोडं अवांतर. तिकडे एच-वन-बी वर असाल तर शस्त्र बाळगणं केंद्रीय कायद्यात गुन्हा ठरतो, वैध शिकार परवान्यासारखा अपवाद असेल तरच चालतं. राज्याचा कायदा सैल आहे म्हणून लोक गाफील राहतात. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

आणि कुणाला माहीत असेल तर, आपल्याकडे .३२ च्या परवान्याला सध्या किती वेळ लागतो? वडिलांच्या नावावर आहे, ते थकलेत.

रावस
ग्रीन कार्ड आहे. मूठ, कृपया.

टेक्सासवाडी
@पुणेरी_चष्मा वारसाहक्काने नावावर करून घेण्याचा अर्ज वेगळा असतो, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयात चौकशी करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं ठेवता येतात, हेही लक्षात घ्या.

लोखंडी
बेचकी आणि मधलं बोट, म्हणजे अगदी ठरलेलं दुखणं. डबल अ‍ॅक्शनच्या सांगाड्याला वर मागे उंचवटा असतो. जुन्या काउबॉय पद्धतीची मूठ धक्क्यासरशी हातात फिरून वर जाते, ही फिरत नाही, तो उंचवटा थेट बेचकीत बसतो. त्यात तुमची लाकडी मूठ मागून उघडी, म्हणजे अरुंद धातूची पट्टी थेट मांसावर. आणि ट्रिगर गार्डच्या मागे पोकळी राहिली की गार्ड मागे येऊन पेरावर आदळतो.

उपाय: होगची एक्स-फ्रेमची मूठ, म्हणजे .५०० मॅग्नमसाठी निघते ती. गोल बुडाच्या एन-फ्रेमवर, म्हणजे तुमच्या ३२९ च्या मापाच्या सांगाड्यावर, ती चढते. मागची पट्टी पूर्ण झाकते, आत पाठीला मऊ थर आहे आणि गार्डमागची पोकळीही भरते. ३२९ वाले बरेच जण हेच करतात. माझ्या ६२९ वर वरच्या टोकाला नखाएवढी फट दिसते, कामात काही अडत नाही. खालचा एकच स्क्रू, तो बेताने आवळा.

बंड्या_मेकॅनिक
मुठीबरोबर आणखी एक करा. पुढच्या पट्टीवर खाली एक स्क्रू असतो, मेनस्प्रिंगचा, म्हणजे घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगचा, ताण त्यावर असतो. तो अर्धा फेरा सैल करा. डबल अ‍ॅक्शनची ओढ लोण्यासारखी होते, नेम सुधारतो. मी सगळ्यांची अशीच करतो.

लोखंडी
कृपा करून हे करू नका. तो स्क्रू पूर्ण आवळलेला असायला हवा. सैल केला की घोड्याचा ठोका हलका पडतो आणि कधीतरी काडतूस पेटतच नाही. कागदावर नेमबाजी करताना चालेल, अस्वलासमोर नाही. शिवाय धक्क्याने तो आणखी सैल होत जातो.

बंड्या_मेकॅनिक
पंधरा वर्षांत माझं एकही काडतूस फुसकं गेलेलं नाही. पण नदीवर न्यायचं असेल तर लोखंडी म्हणतात ते ठीक, मी रेंजपुरतं बोलत होतो.

रावस
स्क्रूला हात लावत नाही. एक्स-फ्रेमची मूठ काल इथल्या एका ओळखीच्या बाईंकडे मिळाली, आठवडाभर वापरायला दिली आहे. चढली. रिकामं असताना सिलिंडर उघडून दोनदा बघितलं आणि मग ट्रिगर ओढून पाहिला. आता नवीनच अडचण. डबल अ‍ॅक्शनमध्ये माझं बोट ट्रिगरवर जेमतेम टेकतं, टोकाने ओढावं लागतं आणि नळी डावीकडे जाते. माझे हात लहान आहेत. बायकांचे सात नंबरचे हातमोजे मला सैल होतात.

लोखंडी
ताई, हे आधी कळलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. मी गृहीत धरलं, माझी चूक. मागची पट्टी झाकली की हात ट्रिगरपासून लांब जातो. जेवढं रबर मागे, तेवढी बोटाची पोच कमी. धक्का आणि पोच यांची ही रस्सीखेच प्रत्येक झाकलेल्या मुठीत असते.

दोन वाटा दिसतात. पहिली, एन-फ्रेम गोल बुडाचीच पण पाठ उघडी असलेली पातळ रबरी मूठ, जी गार्डमागची पोकळी भरेल. पेराचं दुखणं जाईल, बेचकीचं थोडं राहील. दुसरी, मूठ आहे तीच ठेवून हात किंचित उजवीकडे वळवून धरा म्हणजे बोट पुढे येतं. पण मग धक्का अंगठ्याच्या सांध्यात जातो, म्हणून ती मला आवडत नाही.

निवांत
ताई, आधीचं माझं बोलणं तोडून टाकणारं वाटलं असेल तर माफ करा. एक विचारतो, पूर्ण मॅग्नमच का? त्याच सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल हे आखूड, सौम्य काडतूस चालतं. जुन्या धर्तीच्या स्पेशलची २४६ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी साधारण ७५५ फूट प्रति सेकंदाने जाते, मॅग्नमची २४० ग्रेनची बाराशेच्या वर. हात बरा होईपर्यंत सराव स्पेशलवर करा.

लोखंडी
निवांतशी पूर्ण सहमत. फक्त आखूड काडतुसांमुळे सिलिंडरच्या भोकांत काजळीचं कडं धरतं. ते साफ करताना टायटॅनियमवर खरखरीत काही वापरू नका. आणि नदीवर जी मॅग्नम नेणार, ती एकदा तपासा. सहा भरा, पाच उडवा, सहावं काढून त्याची लांबी न उडवलेल्या काडतुसाशी ताडून बघा. एवढ्या हलक्या शस्त्रात झटक्याने न उडवलेल्या काडतुसात बसवलेली गोळी पुढे सरकते. बाहेर आली तर सिलिंडर फिरणंच बंद होतं आणि तेव्हा कुठलीही मूठ उपयोगाची नाही.

टेक्सासवाडी
हे मलाही माहीत नव्हतं. उद्या मोजतो. तरी वजनदार घ्यावं हे माझं मत कायम आहे.

रावस
रविवार संध्याकाळ. आधीची मूठ गुरुवारी परत केली, पैसे मिळाले. इथल्या दुकानात जाऊन तीन मुठी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चढवून पाहिल्या. पाठ उघडी, गार्डमागे भरलेली, पातळ, अशी घेतली. बोटाचं पहिलं पेर नीट ट्रिगरवर येतं.

स्पेशलचे २४ बार, मग मॅग्नमचे ५. पेराला काहीही झालेलं नाही. बेचकी लाल आहे, निळी नाही. सहावं काडतूस मोजलं, गोळी दीड मिलिमीटर पुढे आलेली. दुसऱ्या बनावटीची पेटी आणली, त्यात केसभरही सरकली नाही. नदीवर तीच नेणार.

लोखंडी, दुकानदार म्हणाला बेचकीसाठी पाठीला गादी असलेला नेमबाजीचा हातमोजा मिळतो. त्याने बोटाची पोच पुन्हा कमी होईल का?

लोखंडी
होईल, पण रबराएवढी नाही. रेंजवर घाला. नदीवर मोज्याशिवायच धरायचंय, म्हणून शेवटचे सहा बार दर वेळी उघड्या हाताने काढा.