मदत हवी आहे: बायपास आणि व्हॉल्व्हच्या पेशंटची डिस्चार्जची चिठ्ठी कशी सुधारावी?

वॉर्ड_फार्मसी (छत्रपती संभाजीनगर)
नमस्कार. आमच्याकडे कार्डियाक सर्जरीचे पेशंट जालना, बीड, हिंगोलीच्या तालुक्यांतून येतात. डिस्चार्ज कार्ड सकाळच्या राउंडनंतर घाईत तयार होतं आणि वॉर्डातला चार्ट त्यात जसाच्या तसा उतरतो. मग पहिल्या फॉलोअपला ठरलेल्या गोष्टी सापडतात. घरच्या जुन्या गोळ्या नव्यांसोबत चालूच असतात. फुरोसेमाइड (लघवीची गोळी) कधी थांबवायची हे कोणालाच माहीत नसतं, हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनचंही तेच. अ‍ॅसिट्रॉमचा, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा, डोस विचारला की नातेवाईक एकमेकांकडे बघतात. चिठ्ठी संगणकावर छापलेली असते, म्हणजे अक्षराचा दोष नाही. फॉर्ममध्ये आणि कामाच्या क्रमात काय बदलावं? जादा माणूस मिळणार नाही, हे धरून सांगा.

कार्डिओ_नांदेड
काय सुरू करायचं ते सगळेच लिहितात, काय बंद करायचं ते कोणी लिहीत नाही. माझ्या मते निम्मं दुखणं तिथंच आहे.

पेशंट भरती होतानाच घरच्या गोळ्यांची पिशवी मागवा. तोंडी यादी घेऊ नका. ‘बीपीची पांढरी गोळी’ यावरून काही कळत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दुपारी ती पिशवी, वॉर्डचा चार्ट आणि नवी चिठ्ठी शेजारी ठेवा. प्रत्येक जुन्या गोळीपुढे ‘चालू’, ‘डोस बदलला’ किंवा ‘बंद’ यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे, आणि बंद असेल तर दोन शब्दांत कारण. बंद केलेल्या स्ट्रिपवर नातेवाइकासमोर मार्करने फुली मारा.

जोड्या डोक्यात ठेवा. आरोग्य केंद्रातून मिळालेली बीपीची टेल्मिसार्टन घरात आहे आणि आपण त्याच कामाची रॅमिप्रिल लिहिली, तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) दोन्ही चढू शकतात. घरी अ‍ॅटेनोलॉल, वर आपली त्याच गटातली मेटोप्रोलॉल, की नाडी मंदावते. अ‍ॅस्पिरिन तर हमखास दुप्पट होते: एक सुटी गोळी आणि एक अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉलच्या) कॅप्सूलमध्ये दडलेली. म्हणून ब्रँडच्या नावाखाली घटक छापाच.

लातूर_आयसीयू
वरचं पटलं. त्यात ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने जोडा, आणि दुसरा रिकामा असेल तर कार्ड प्रिंटच होणार नाही अशी सोय करून घ्या. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिनपुढे ‘कायम’. हार्ट अटॅकनंतर बायपास झालेल्याला क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखणारी गोळी) साधारण १२ महिने, तिथं महिना आणि साल घाला. ऑपरेशननंतरच्या एएफसाठी (ठोके अनियमित होणं) सुरू केलेली अमिओडॅरोन सहसा ६ ते १२ आठवड्यांत ईसीजी पाहून थांबवतात. तिथंही तारीख हवी.

फुरोसेमाइडला तारखेसोबत वजन जोडा. ऑपरेशनआधीचं वजन कार्डावर असेल तर ‘तेवढ्यावर आलात की फोन करा’ असं सांगता येतं. ३ दिवसांत २ किलो वाढलं तरीही फोन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ पार जातो. त्यात लघवीची गोळी, रॅमिप्रिल आणि वर जुलाब-उलट्या लागल्या तर बीपी खाली येतं आणि किडनीला मार बसतो. उन्हाळ्यात डिस्चार्ज होणाऱ्यांना हे वेगळं सांगा. आठवड्याच्या आत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करायला तालुक्याच्या लॅबचीच चिठ्ठी द्या, त्यासाठी तुमच्यापर्यंत येरझार नको.

वॉर्ड_फार्मसी
दोघांचेही आभार. अमिओडॅरोन आणि अ‍ॅसिट्रॉम एकत्र असेल तर डिस्चार्जचा डोस कसा ठरवता? वॉर्डात आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) छान असतो, घरी गेल्यावर उडतो.

कार्डिओ_नांदेड
उडणारच, कारण अमिओडॅरोनचा परिणाम काही आठवडे चढत राहतो. वॉर्डातला आकडा हा वाटेतला आकडा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस बहुधा ३० ते ५० टक्के कमी करावा लागतो. पहिला आयएनआर घरी गेल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, मग स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला. अमिओडॅरोन बंद केल्यावरही तसंच जपा, ती शरीरातून निघायला महिने घेते. आयएनआरची रेंज कार्डावर छापा: मेकॅनिकल एऑर्टिक व्हॉल्व्हला साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५. मेकॅनिकल व्हॉल्व्हला रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत, हेही लिहा. कोणीतरी ‘तपासणीची कटकट नको’ म्हणून बदलून देतं.

रूमॅटिक (सांधेतापाने खराब झालेल्या) व्हॉल्व्हच्या तरुण बायकांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास सुटतात. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिलेलं बेंझाथिन पेनिसिलिनचं दर २१ दिवसांचं इंजेक्शन व्हॉल्व्ह बदलला म्हणून थांबत नाही. आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात यायचं, कारण रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या गर्भाला बाधतात. हे सासूला नाही, तिलाच सांगा.

मेडिकल_परभणी
काउंटरवरून दिसतं ते सांगतो. ‘सोम-बुध-शुक्र २, बाकी दिवशी ३’ असला डोस घरी टिकत नाही. शक्यतो एकाच ताकदीची गोळी आणि रोज एकच संख्या द्या. जमत नसेल तर सात वारांचा तक्ता काढा, त्यात मिलिग्रॅम नको, गोळ्या लिहा: एक, दीड. ‘२.०’ कधीच लिहू नका, टिंब पुसलं की २० होतं. वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारी दुसरी गोळी) आणि अ‍ॅसिट्रॉम मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलत नाहीत, वॉरफॅरिन साधारण दुप्पट लागते. म्हणून ‘बदलून देऊ नये’ असं ठळक छापा.

दुसरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. छाती दुखते म्हणून डायक्लोफेनॅक मागतात, गुडघ्यासाठी कुठून तरी पुड्या आणतात, त्यात स्टेरॉइडही निघू शकतं. पॅरासिटॅमॉलचा डोस आणि दिवस तुम्हीच लिहा, ती रोज २ ग्रॅम आठवडाभर घेतली तरी आयएनआर वाढू शकतो. दाताच्या दवाखान्यातली मेट्रोनिडॅझोल तर नक्कीच वाढवते. मेथी-पालकाने आयएनआर खाली येतो, तरी ते बंद करायला सांगू नका. हिवाळ्यात मेथी रानाची असते, लोक ऐकत नाहीत. रोज सारख्याच प्रमाणात खा म्हणावं.

वॉर्ड_फार्मसी
‘बंद’, ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ हे तीन रकाने सोमवारपासून कागदावर सुरू करते, सॉफ्टवेअरला वेळ लागेल. नातेवाइकाला समजलं का, हे कसं तपासता?

लातूर_आयसीयू
‘समजलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. पिशवी हातात द्या आणि म्हणा, ‘आज रात्रीच्या गोळ्या काढून दाखवा.’